मशेरीला तंबाखू म्हणा

माझ्या उजव्या गालाच्या आत आता माझ्या डाव्या मनगटाची कातडी आहे. गालाचा आतला भाग कापून काढला आणि खड्डा बुजवायला हातावरची कातडी तिथं शिवली. मनगटावर लव होती, ती तोंडातही उगवते. कधीकधी जिभेला लागते. हे वाचून ज्यांना शिसारी आली त्यांनी पुढे वाचावंच. ज्यांच्या घरात मशेरीची डबी आहे त्यांनी आईला, मावशीला, सासूला शेजारी बसवून मोठ्यानं वाचावं.

मी गोड लिहिणार नाही. आजारपणावर लिहिणारे लोक शेवटी सगळ्यांचे आभार मानतात. काहीजण आजाराचेही मानतात, त्यानं म्हणे जगायला शिकवलं. मला यानं काही शिकवलं नाही. माझे खालचे दात नेले, गाल नेला आणि स्पष्ट बोलणं नेलं.

बोलणं गेलं हे नीट कळावं म्हणून थोडं घरचं सांगते. आम्ही कांजूरमार्ग पूर्वेचे. बाबा मुलुंडला एका गाळ्यातल्या छापखान्यात काम करतात. पाण्याचं, रेशनचं, संपाचं, मोर्चाचं, जे पत्रक तिथं छापलं ते आधी आमच्या घरी आलं. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. मोठी झाल्यावर पत्रकं मीच लिहायला लागले आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून वाचून दाखवायला लागले. माईक नसला तरी शेवटच्या घरापर्यंत आवाज जायचा. आता रिक्षावाल्याला 'भांडुप' सांगितलं की तो तीनदा विचारतो.

डबी

मशेरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काळ्या तंबाखूची पानं तव्यावर पार कोळसा होईपर्यंत भाजायची. गल्लीभर ठसका लागतो. मग ती चुरायची, चाळायची, डबीत भरायची. सकाळी पहिल्या बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची, तोंडात धरून बसायचं आणि थुंकायचं. जेवण झालं की परत. डोकं धरलं की परत. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं शपथेवर सांगणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघतेय.

आमच्याकडे आई भाजते. तिच्या हातची चांगली म्हणून अर्धी गल्ली तिच्याकडूनच नेते. मी सहावीत असताना माझी दाढ ठणकली, तेव्हा आईनं बोटावर घेऊन लावली. ठणका थांबला. मी लावत राहिले. यात लपवाछपवी काही नव्हती. पोरं विडी ओढायला कोपऱ्यात जातात, आम्ही मायलेकी मोरीत शेजारी बसून मशेरी लावायचो आणि दिवसभराचं ठरवायचो. याला कुणी तंबाखू म्हणालं नाही, व्यसन तर नाहीच नाही.

निदान

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मग तिथं तिखट लागायला लागलं, मग साधं पाणीही झोंबायला लागलं. दवाखान्यात आई बरोबर होती.

"तंबाखू, गुटखा, सिगारेट?" डॉक्टरनं मान वर न करता विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"आमच्या घरात कुणाला व्यसन नाही," आई म्हणाली. "पंचशील घेतलंय आम्ही. दर रविवारी विहारात म्हणतो."

ती खोटं बोलत नव्हती. मीही नव्हते. पाचवं शील मादक गोष्टींपासून लांब राहण्याचं, आणि आमच्या गल्लीत त्याचा अर्थ दारू. दारूवर आमच्या बायका तुटून पडल्या, गुत्ते बंद पाडले, नवऱ्यांना पायरीवर झोपवलं. मशेरी त्या शीलाच्या आड येते हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. उलट विहारात तोंड स्वच्छ करून जायचं म्हणून बायका मशेरी लावून, चूळ भरून मगच वंदनेला बसायच्या.

डॉक्टरनं माझा हात उलटा केला. "हे बोट काळं कशानं?"

"मशेरीनं."

"मग तंबाखू नाही कसं म्हणता?"

"तंबाखू कुठं आली?" आई चिडली. "मशेरी आहे ती. दातांची."

तो हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. तुकडा तपासून अहवाल आला त्या दिवशी मात्र तो हसला नाही. कॅन्सर आहे म्हणाला, ऑपरेशन लवकर करू म्हणाला, आणि व्यसन सोडावं लागेल म्हणाला. मी पहिला शब्द ऐकला आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही. आईला शेवटचा लागला. रिक्षात बसल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "तुला व्यसनी म्हणाला तो. जिभेला हाड हाय का त्याच्या?" मग घाटकोपरचा पूल आला. पुलावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि घर येईस्तोवर सोडला नाही.

वॉर्ड

ऑपरेशननंतर तोंडानं काही घ्यायचं नव्हतं. नाकात नळी. वरण-भात मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, सिरिंजनं त्या नळीत ढकलायचा. भूक मरते, पण वासाची भूक मरत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठी घरून माशाचं कालवण आलं की मी रडायचे. त्यांनाही ते खाता यायचं नाही. त्यांच्या सुनेला वाटायचं, नुसता वास तरी घेऊ दे.

त्या बाई कोळीवाड्यातल्या, जन्मभर मासळी विकलेल्या. त्यांच्या जिभेला झालं होतं. त्यांनीही मशेरीच लावली होती. बोलता दोघींनाही येत नव्हतं. एक दिवस त्या सलाइनचा स्टँड ढकलत माझ्या खाटेशी आल्या आणि माझे गुंता झालेले केस विंचरायला बसल्या. गुंता ओढला की मी हुं करायचे, त्या डोक्यावर टपली मारायच्या. त्या आठवड्यात माझ्याशी कुणी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

वॉर्ड बायकांचा होता. तोंडाच्या कॅन्सरच्या बायका एका ओळीत पडलेल्या, आणि भिंतीवरच्या तंबाखूविरोधी पोस्टरवर सगळे पुरुष. सिगारेटवाला पुरुष, गुटखेवाला पुरुष, आणि त्यांच्या बाजूला पदर डोळ्याला लावून रडणारी बायको. आम्ही त्या पोस्टरमध्ये फक्त रडायला होतो. नळी निघाली की पहिलं काम ते पोस्टर फाडायचं असं मी ठरवलं होतं. नळी निघाली तेव्हा उभं राहायला दोन माणसं लागत होती, म्हणून राहिलं.

बाबांचं पत्रक

बाबा भेटायला आले ते पत्रकाचा कच्चा कागद घेऊन. वर मोठ्या अक्षरात मथळा: 'डम्पिंगनं माझ्या लेकीचा गाल खाल्ला!' आमच्या इथं कचऱ्याचं डम्पिंग आहे, वारा फिरला की खिडकी उघडता येत नाही. त्याविरुद्ध बाबांचं अर्धं आयुष्य गेलंय.

मला पाटी दिली होती. मी लिहिलं, 'खोटं.'

"खोटं काय त्यात? वास येत नाही का?"

'येतो. गाल मशेरीनं गेला.'

बाबा खाटेच्या कडेला बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आईचा विचार कर, प्रज्ञा. लोक म्हणतील, पोरीला हिनंच दिलं. आपली लढाई बाहेरच्याशी असते. घरातल्या डबीशी कसली लढाई?"

माझ्या बाबांवर माझं प्रेम आहे, पण त्या क्षणी पाटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी लिहिलं, 'पानं कोण विकतं? कागदात बांधून, नाव न लिहिता, धोक्याचं चित्र न छापता? तो घरातला आहे का?' पाटी भरली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पत्रकाची घडी करून खिशात घातली. ते छापलं गेलं नाही. दुसरंही काही छापलं गेलं नाही. शत्रू स्वयंपाकघरात निघाला की आमच्यासारख्या लढाऊ घरांचीही वाचा जाते.

आई एका बाजूनं जेवते

घरी आल्यावर मला बोलता यायला लागलं, पण ते बोलणं फक्त आईला कळायचं. बाबा अंदाज करायचे. शेजारणी मान डोलवायच्या आणि भलतंच उत्तर द्यायच्या. आई मात्र भांडी घासता घासता, पाठ करूनसुद्धा माझं वाक्य पकडायची. परक्या कुणाशी बोलायचं तर आईनं माझं वाक्य परत म्हणायचं, अशी पद्धत पडली.

आणि मला दिसलं की आई भाकरी दुधात बुडवून, फक्त उजव्या बाजूनं खातेय. चहा निवल्यावर पितेय. हे सगळं मी केलेलं होतं.

"आई, तोंड उघड."

"कशाला?"

"बघू दे."

"दाढ हलतेय. वय झालं माझं."

"माझीपण दाढच होती."

"गप बस. आधी तू नीट बोलायला शीक, मग मला शिकव."

हे ती मला म्हणाली. माझ्या टाक्यांवर रोज औषध लावणारी बाई हे म्हणाली. मी तिची डबी उचलून गटारात फेकली. दुसऱ्या दिवशी फळीवर नवी डबी होती. भाजायला आता ती शेजारणीकडे जात होती, म्हणजे मला धूर लागायला नको. याला आमच्याकडे काळजी म्हणतात.

मी रडले, धमक्या दिल्या, दवाखान्याची वेळ परस्पर घेतली. ती गेली नाही. एकदा ती बाबांशी बोलताना मी ऐकलं, "तिच्यात न माझ्यात एकच निघालं, तर पोरीला मीच खाल्लं म्हणायचं ना? मला नाही बघायचं."

मला माझ्या आजाराची तेवढी भीती वाटली नव्हती. माझ्या वेळी चट्टा कुणी बघितला तोवर उशीर झाला होता. आईच्या वेळी मी बघत होते आणि ती तोंड मिटून होती.

मानसी

आमच्या वस्तीत तेव्हा एका संस्थेचा प्रकल्प चालू होता, लोकांमधली तंबाखू कशी कमी होते यावर संशोधन. खरं ते सांगते, त्यांनी काम केलं होतं. शाळेजवळची टपरी हलवली, पथनाट्यं केली, पुरुषांना धरून धरून समुपदेशन केलं. काहींची विडी खरंच सुटली. प्रकल्प संपत आला तेव्हा त्यांची मानसी नावाची मुलगी माझ्याकडे आली. माझ्याच वयाची, बोरिवलीहून येणारी, उन्हानं लाल झालेली. समारोपाला मी चार शब्द बोलावे म्हणून.

"वस्तीत तंबाखू खूप कमी झालीये, ताई. बायकांमध्ये तर जवळपास नाहीच."

मी म्हणाले, "माझी आई लावते. गल्लीतल्या सगळ्या बायका लावतात."

मानसीनं आईकडे बघितलं. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणते, चहा घेऊन जा," आई म्हणाली आणि पातेलं ठेवलं.

मी फोनवर टाइप करून मानसीच्या नाकासमोर धरलं. तिचा चेहरा उतरला. "पण मी स्वतः विचारलं होतं. काकूंनाही. तंबाखू खाता का म्हणून. त्या नाही म्हणाल्या."

'ती खात नाही,' मी टाइप केलं.

मानसीनं ते वाचलं. मग वळून म्हणाली, "काकू, सकाळी दात कशानं घासता?"

"मशेरीनं," आई तटकन म्हणाली. "माझ्या हातची आहे. देऊ का बांधून?"

आणि मग आईला कळलं. तिनं गॅस बंद केला.

मी मानसीवर तुटून पडले. तोंडानं, फोननं, हातवाऱ्यांनी. तुमच्या संशोधनात आम्ही शून्य आहोत. शून्याला औषध लागत नाही, शून्यासाठी पोस्टर लागत नाही, शून्याच्या तोंडात कुणी बॅटरी मारून बघत नाही. दोन वर्षं आमच्या घरात चहा पिऊन तुम्ही पुरुषांचे खिसे तपासलेत आणि फळीवरची डबी सोडलीत.

तिला अर्धं कळलं असेल. पण ती रडली नाही, माफीही मागितली नाही. "माझ्यावर ओरडून काय होणार?" ती म्हणाली. "मला विचारता आलं नाही, मान्य. मी साहेबांना सांगते, आमचा आकडा चुकलाय. रविवारी विहारात समारोप आहे, दातांचे डॉक्टर येणारेत. तिथं तुम्ही विचारा. तुम्हाला येतं ना? मग विचारा."

मला ती आवडली नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

विहारात

वंदना झाली. बायका पुढे, पुरुष मागे. संस्थेचे साहेब थोडक्यात बोलले. एका कोपऱ्यात टेबल, खुर्ची आणि बॅटरी घेऊन दातांचा डॉक्टर बसला होता. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. ज्यांना व्यसन नाही त्यांनी कशाला जायचं?

मी माईक घेतला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. दोन वाक्यं झाली आणि पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "काय म्हणते गं?" "काय की." मागून कुणीतरी पोर हसलं. मी मोठ्यानं बोलले, तर आणखीच फाटलं. ज्या गल्लीत माझा आवाज शेवटच्या घरापर्यंत जायचा, तीच माणसं माझ्याकडे कीव करून बघत होती. कीव मला सहन होत नाही. मी माईक ठेवणार होते.

आई उठून आली. रागातच. "आण इकडं. हिचं मला कळतं."

मी एक वाक्य बोलायचे, आई माईकवर म्हणायची. "म्हणते, कोण कोण मशेरी लावतं, हात वर करा." हसत हसत हात वर झाले, जवळपास सगळे. "म्हणते, ती तंबाखू आहे." हसणं थांबलं. "म्हणते, भाजली तरी तंबाखूच." "म्हणते, डम्पिंगनं नाही, दाढेनं नाही, हिचा गाल मशेरीनं गेला."

मग मी म्हणाले, "मला पहिल्यांदा आईनं लावली."

आई थांबली.

"काय म्हणाली गं, सुमनताई?" पुढून एकीनं विचारलं.

ती चहाचं काहीतरी सांगेल असं मला वाटलं. त्या दिवशी तिनं काहीही सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"म्हणते," आई म्हणाली, "हिला पहिल्यांदा मी लावली."

माझं बोलणं तिथं संपलं होतं. आई बोलतच राहिली. "रडत होती पोरगी. माझ्या आईनं मला तसंच लावलं होतं. दारूचं सांगितलंत, विडीचं सांगितलंत. माझ्या डबीचं कोण बोललं? ही," तिनं मानसीकडे बोट केलं, "चांगली पोर आहे, घरी यायची, विचारायची. मी नाही म्हणायचे, ही लिहून घ्यायची. मलाच माहीत नव्हतं तर मी काय सांगू? पानं विकणारा तर म्हणतो, दात बळकट होतात मावशी."

संस्थेचे साहेब खाली बघत होते. बाबा मागे, पुरुषांत उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

मी आईला हळूच म्हणाले, "आता तोंड उघड."

आई माईकवर म्हणाली, "म्हणते, आता तोंड उघडा. सगळ्यांनी."

मी 'सगळ्यांनी' म्हटलं नव्हतं.

तिनं माईक माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले. डॉक्टर तरुण होता, गडबडून उभा राहिला. "कधीपासून लावता, मावशी?"

"आधी बघ, मग उपदेश कर," आई म्हणाली आणि तिनं आ केला. पूर्ण उघडत नव्हतं. डॉक्टरनं बॅटरी मारली. मी वाकून बघितलं. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडात कधी बघितलं नव्हतं. काळपट हिरड्या, झिजलेले दात, आणि डावीकडे, दाढेच्या मागे, रुपयाएवढा पांढरा चट्टा. तिनं माझं मनगट धरलं होतं, कातडी काढलेलं. तिथं अजून दुखतं. मी सोडवलं नाही.

त्या चट्ट्याचा तुकडा पुढच्या आठवड्यात तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. होण्याच्या वाटेवर होता, म्हणजे वेळेत सापडला. आता तिला दर काही महिन्यांनी दाखवावं लागतं. ब्रशनं तोंड धुतल्यासारखं वाटत नाही असं ती रोज म्हणते आणि आम्ही रोज भांडतो. मशेरी सोडताना डोकं दुखतं, हात थरथरतो, घरातल्यांवर राग निघतो. वाचणाऱ्यांनी हे गृहीत धरावं आणि मदत मागावी. मानसीच्या संस्थेनं आमच्या गल्लीत नव्यानं विचारायला सुरुवात केलीय, या वेळी गल्लीतल्याच बायकांना बरोबर घेऊन. मी लक्ष ठेवून आहे.

पण त्या रविवारी यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाला, "मावशी, हे दाखवावं लागेल." आईनं तोंड मिटलं, पदरानं पुसलं आणि उठली. सगळ्या बायका जागच्या जागी बसून तिच्याकडे बघत होत्या.

"काय बघताय?" आई म्हणाली. "या पुढं."